‘गोव्यासारखं करू’ म्हणताना नेमकं कुठल्या गोव्यासारखं?

तारकर्लीत निवास-न्याहारी चालवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न असा आहे: “आमच्याकडे दर सभेत ‘गोव्यासारखं करू’ ऐकायला मिळतं. गोवा सरकारनं पर्यटन, पणजी शहर आणि पर्यावरण या तीन बाबतींत प्रगती केली म्हणतात, ती खरी किती? आम्ही त्यातलं काय घ्यावं आणि कशापासून लांब राहावं?”

ताई, माझं काम सांडपाण्याचं आणि घनकचऱ्याचं. त्यामुळे उत्तरही जमिनीखालून येणार. थोडक्यात सांगायचं तर कचऱ्यात गोव्याची प्रगती खरी आहे, पणजीत ती अर्धीमुर्धी आहे, आणि किनारपट्टीच्या सांडपाण्यात व जमिनीच्या परवानग्यांत ती कागदावर जास्त आहे. ‘पर्यटक वाढले’ याला मी प्रगतीत धरतच नाही. पर्यटक येणं हा भार आहे. तो भार पेलायला सरकारनं काय उभं केलं, ते प्रगतीत धरायचं.

आधी आकडे. सरकारी मोजणीनुसार 2024 मध्ये गोव्यात एक कोटी चार लाखांच्या आसपास पर्यटक आले. त्यातले परदेशी पावणेपाच लाखही नाहीत, आणि 2019 मध्ये तेच नऊ लाखांच्या वर होते. म्हणजे वाढ सगळी देशी पर्यटकांची. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या होती 14 लाख 58 हजार. भाषणात हे दोन आकडे शेजारी ठेवले की लोक अवाक होतात. पण अभियंत्यानं अवाक न होता भागाकार करायचा असतो. एक पर्यटक चार रात्री राहतो असं धरलं, तर वर्षाच्या सरासरीनं रोज सव्वा लाखाच्या आत जादा माणसं होतात. पंधरा लाखांच्या राज्याला हे जड नाही. मग अडतं कुठे?

अडतं ते सरासरीत. ही माणसं काणकोणपासून पेडण्यापर्यंत सारखी पसरत नाहीत आणि बारा महिन्यांतही पसरत नाहीत. कांदोळी, कळंगुट, बागा, हडफडे, हणजूण या उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्याच्या अरुंद पट्ट्यात ती येतात, आणि नाताळ ते नववर्ष या आठवड्यात तर रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. कळंगुटची 2011 ची लोकसंख्या चौदा हजारांच्या आसपास, आणि कायद्याच्या दृष्टीनं कळंगुट आजही ग्रामपंचायत आहे. देशभर नाव असलेल्या ठिकाणाचा कचरा, गटारं, बांधकामाचे परवाने, सगळं मोजक्या कर्मचाऱ्यांच्या पंचायतीकडून सुरू होतं. गोव्याच्या पर्यटनातली निम्मी दुखणी मला या एका गोष्टीत दिसतात: शहराएवढा भार आणि गावाएवढी यंत्रणा. तुमच्या तारकर्ली-देवबागची यंत्रणाही ग्रामपंचायतीचीच आहे, हे इथेच लक्षात घ्या.

आणि कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. चतुर्थीला चाकरमानी आले की गाव दुप्पट होतं, विहिरी तळ गाठतात, संडासाच्या टाक्या भरून येतात. आंगणेवाडीच्या जत्रेला लाखोंची गर्दी होते आणि प्रशासन ती दोन दिवस निभावून नेतं. दोन दिवस निभावणं आणि ऑक्टोबर ते मे निभावणं ही कामं मात्र एका जातीची नाहीत. दोन दिवसांसाठी टँकर आणि फिरते संडास पुरतात. आठ महिन्यांसाठी पाइप लागतात.

आता कचरा, कारण तिथे शिकण्यासारखं सर्वांत जास्त आहे. साळगावच्या पठारावर पूर्वी उघडा डेपो होता, किनाऱ्यावरच्या हॉटेलांचं सगळं तिथे जाऊन पडायचं. त्या जागी 2016 मध्ये प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीची क्षमता रोज शंभर टन होती, पुढे ती अडीचशे टनांपर्यंत नेली. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस, त्यावर वीज. सुका कचरा वेगळा करून जो विकता येत नाही तो सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांसाठी जळण म्हणून कर्नाटकात जातो. त्याच वर्षी कचऱ्यासाठी स्वतंत्र महामंडळ झालं, आणि पुढे काही वर्षांनी दक्षिणेत काकोड्याला दुसरा प्रकल्प उभा राहिला.

साळगाव चाललं याची कारणं मला यंत्रांत कमी आणि व्यवस्थेत जास्त दिसतात. पहिलं म्हणजे प्रकल्प एका पंचायतीचा नव्हता, अनेक पंचायतींचा मिळून होता. त्यामुळे त्याला रोज पुरेसा माल मिळाला. बायोगॅसच्या टाकीतले जिवाणू रोज खाणं मागतात, आज वीस टन आणि उद्या दोन टन असं त्यांना चालत नाही. दुसरं, हॉटेलांचा ओला कचरा मुळातच बऱ्यापैकी वेगळा निघतो, स्वयंपाकघर एका ठिकाणी असतं म्हणून. तिसरं, चालवण्याचा खर्च सरकारनं वर्षानुवर्षं दिला. आपल्याकडे बांधायला पैसे मिळतात, चालवायला मिळत नाहीत, आणि दोन पावसाळ्यांत शेडवर वेली चढतात.

याच गोव्यात मडगावचं सोनसडो आहे. तिथेही डेपो होता, तिथेही प्रकल्प आला, पण नगरपालिका, ठेकेदार आणि सरकार यांच्या ओढाताणीत ढीग वाढत गेला. 2019 च्या मे महिन्यात त्याला लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत होती, आणि नंतर न्यायालयाला लक्ष घालावं लागलं. एकच राज्य, एकाच काळातली सरकारं, तंत्रज्ञानही फार वेगळं नाही. साळगाव दाखवून ‘गोव्यासारखं’ म्हणणाऱ्याला सोनसडोबद्दलही विचारावं.

खरं तर यासाठी गोव्याला जायचीही गरज नाही. रामदास कोकरे वेंगुर्ल्याला मुख्याधिकारी असताना नगरपरिषदेनं घरोघरी बारीक वर्गीकरण सुरू केलं, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात वापरलं, बायोगॅस केला आणि डेपोची जागाच लोकांनी येऊन बघावी अशी केली. तुमच्या जिल्ह्यातलंच उदाहरण, तुमच्याच माणसांनी केलेलं. गोव्याइतका पैसाही त्यात नव्हता.

पणजीकडे वळू. पणजीची कचरा वेचण्याची पद्धत चांगली आहे. महापालिकेनं रस्त्यावरच्या कुंड्या काढल्या, घरोघरी वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळा कचरा उचलायला सुरुवात केली, आणि हे सगळं ‘स्मार्ट सिटी’ शब्द येण्याच्या बऱ्याच आधी. स्मार्ट सिटी योजनेत पणजीचा समावेश 2016 मध्ये झाला. मग स्वतंत्र कंपनी स्थापन झाली आणि त्यानंतर काही वर्षांनी शहर जे खणलं गेलं ते पणजीकर विसरणार नाहीत.

इथे थोडा थांबतो, कारण पणजीत जे झालं ते किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात होऊ शकतं. पणजीचा सखल भाग, म्हणजे मळा, सांतीनेज, अठरा जून रस्त्याचा परिसर, मूळचा दलदलीचा आणि खाजनांचा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतांचा. भराव घालून शहर वाढलं. अशा मातीत तीन-चार मीटर खोल चर खणला की बाजूनं पाणी येतं आणि भिंती ढासळतात. पाणी सतत उपसत राहावं लागतं, चराला दोन्ही बाजूंनी पोलादी पत्र्यांचा आधार द्यावा लागतो, पाइप टाकल्यावर भराव थराथरानं ठोकून भरावा लागतो. यातली ठोकण्याची पायरी घाईत नेहमी गळते. वरून डांबर घातलं की रस्ता नवा दिसतो आणि पहिल्या जड गाडीचं चाक आत जातं. पणजीत ट्रकांची चाकं अशीच रुतली. 2024 च्या एप्रिलमध्ये तर उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी स्वतः रस्त्यांवर फिरून पाहणी केली. शहराचे रस्ते पाहायला न्यायमूर्ती उतरतात तेव्हा देखरेख करणारे अभियंते कुठे होते, हा प्रश्न माझ्याच बिरादरीला लागतो.

दुसरी गोष्ट पावसाच्या पाण्याची. सखल शहरातल्या गटाराचं तोंड खाडीत किंवा नदीत उघडतं. भरतीला नदीची पातळी त्या तोंडाच्या वर गेली की गटारातलं पाणी बाहेर पडत नाही, उलट नदी आत येऊ पाहते. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच तासात आले की गटार कितीही रुंद असो, रस्त्यावर पाणी येणारच. यावर उपाय तीनच: तोंडावर एकाच दिशेनं उघडणारी झडप, पाणी तात्पुरतं साठायला मोकळी जागा, आणि पंप. गंमत म्हणजे गोव्यातल्या शेतकऱ्यांना यातले पहिले दोन शतकांपासून माहीत आहेत. खाजनाच्या बांधात ‘मानस’ नावाचं लाकडी दार असतं. भरतीला ते पाण्याच्या दाबानं आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं, आणि मधल्या वेळेत पाणी बांधाआतल्या पोयीत, म्हणजे तळीत, साठतं. साठायची जागा भराव घालून विकून टाकली की उरतो फक्त पंप, आणि वीज गेली की तोही नाही. गटारं मोठी केल्याचे फोटो येतात तेव्हा मी एवढंच विचारतो की त्यांचं तोंड उधाणाच्या पातळीच्या वर आहे का.

तरी पणजीचं श्रेय नाकारू नये. जुन्या मलवाहिन्या बदलणं हे निवडणुकीत न दिसणारं काम आहे, आणि ते झालं. शहरात विजेवरच्या बसगाड्या आल्या. फोंतेन्हासची जुनी घरं वस्तीसकट टिकली आहेत. तिथल्या रहिवाशांना मात्र दाराशी चालणाऱ्या फोटोसत्रांचा वैताग आहे, आणि तो रास्त आहे. विमानतळ, पूल वगैरेंबद्दल मी लिहीत नाही. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 पासून चालू आहे, अटल सेतू 2019 पासून, दोन्ही उपयोगाचे. पण त्यांनी माणसं लवकर पोहोचतात, आणि लवकर पोहोचलेल्या माणसांचं पुढे काय ते आपण बोलतोय.

म्हणजे सांडपाणी. 2007 मध्ये जपानच्या कर्जाचा करार झाला, त्यात पाणीपुरवठ्याबरोबर मडगाव, म्हापसा आणि कळंगुट-कांदोळीच्या उत्तर किनारपट्टीच्या मलनिस्सारणाची कामं होती. बागा इथे प्रक्रिया केंद्र उभं राहिलं, वाहिन्या टाकल्या. पण घरांच्या जोडण्या त्या वेगानं झाल्या नाहीत. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं: दारात वाहिनी आली तर जोडत का नाहीत? कारण दारातून आतला खर्च मालकाचा. अंगण खणायचं, जुन्या घरातली नळजोडणी बदलायची, वर दरमहा शुल्क. शिवाय घर एकाचं नसतं. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे वारसदार अनेक, कुणी लिस्बनला, कुणी लंडनला, आणि सही कोण करणार? आपल्याकडे सातबाऱ्यावर वीस नावं असतात त्यातलाच प्रकार. भुयारी गटाराच्या योजनेत घरच्या जोडणीचा पैसा आणि कायदेशीर तोडगा पहिल्या दिवसापासून नसेल तर केंद्र अर्धं रिकामं चालतं, आणि मैला शोषखड्ड्यातून वाळूत, वाळूतून विहिरीत जात राहतो. साळ नदीची आणि बागेच्या खाडीची अवस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांना अधिक सांगायला नको.

पाण्याचा एक धागा थेट तुमच्या जिल्ह्यातून जातो. तिळारी धरण दोडामार्गात आहे, प्रकल्प दोन्ही राज्यांचा, आणि त्यात गोव्याचा वाटा 73.30 टक्के, महाराष्ट्राचा 26.70. अस्नोड्याच्या शुद्धीकरण केंद्रातून बार्देशला जे पाणी मिळतं त्याचा मोठा आधार तिळारीचा कालवा. कालवा कुठे फुटला की म्हापशापासून कळंगुटपर्यंत नळ कोरडे आणि टँकर सुरू. पर्यटनाची भरभराट एका मातीच्या कालव्यावर टांगलेली असणं, हे काही टिकाऊ विकासाचं लक्षण नव्हे. सभांमध्ये सौर दिवे आणि ‘पुनरुज्जीवी पर्यटन’ यावर सादरीकरणं होतात. त्याच सभागृहात कालव्याच्या अस्तरीकरणावरही एक व्हावं.

आणि जमीन. गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात 2023 मध्ये 17(2) हे कलम आलं. प्रादेशिक आराखड्यातल्या ‘चुका’ सुधारायच्या म्हणून सुटे सुटे भूखंड हरित पट्ट्यातून बांधकामाच्या पट्ट्यात नेता येऊ लागले. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं त्याखालचे नियम रद्द केले. आराखडा एकदाच सर्वांसमोर हरकती घेऊन बदलणं वेगळं आणि अर्जागणिक बदलणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात रस्ता, पाणी, गटार यांचा हिशेब कुणीच करत नाही, कारण प्रत्येक अर्ज एकटा पाहिला की लहानच असतो. डिसेंबर 2025 मध्ये हडफड्याच्या नाइट क्लबला आग लागून 25 जण मेले, तेव्हा बांधकामाचे परवाने आणि पाडण्याची थांबलेली नोटीस याची चर्चा देशभर झाली. परवानगी नाकारायचा अधिकार पंचायतीला, स्थगिती वरून, अंमलबजावणी तिसऱ्याकडे. अशा रचनेत जबाबदार कोण हे आग विझल्यावर शोधावं लागतं.

किनाऱ्यावर गोव्याचं मला खरोखर आवडणारं एक धोरण म्हणजे शॅक, म्हणजे पुळणीवरच्या खाण्यापिण्याच्या हंगामी झोपड्या. लाकूड-बांबूचे, पावसाळ्याआधी काढायचे, स्थानिकांना सोडतीनं द्यायचे. पोटभाड्यानं दिले जातात ही तक्रार जुनी आहे आणि बऱ्याच ठिकाणी खरी आहे, पण कल्पना पक्की आहे: समुद्राला पावसाळ्यात आपली पुळण परत मिळते. महाराष्ट्रानं 2020 मध्ये असंच धोरण आणलं आणि पहिल्या आठ किनाऱ्यांत तुमची तारकर्ली होती. ते घ्या. त्यातली ‘काढायचे’ ही अट सैल होऊ देऊ नका.

आता तुमच्या घरापुरतं, कारण धोरणांची वाट बघत तुम्हाला बसता येणार नाही. पाणीपुरवठ्याच्या राष्ट्रीय मानकात घरातल्या माणसाला रोज 135 लिटर धरतात, चार तारांकितपर्यंतच्या हॉटेलात 180 आणि पंचतारांकितला 320. पाण्याच्या साधारण 80 टक्के सांडपाणी होतं. तुमचं सहा माणसांचं घर असेल तर दिवसाला सुमारे 650 लिटर. सहा खोल्या भरल्या, खोलीत दोघं धरले, की त्यात सुमारे 1,700 लिटरची भर. म्हणजे एकूण साडेतीन पटीहून जास्त. टाकी घरासाठी बांधलेली असेल आणि न्हाणीघराचं पाणीही त्यातच सोडलं असेल, तर मैला खाली बसायला वेळ मिळत नाही आणि तो तसाच शोषखड्ड्यात जातो. तारकर्लीची वाळू ते पाणी गाळेल या भरवशावर राहू नका. ती फार वेगानं पुढे सोडते. भारतीय मानकानुसार शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांत किमान 18 मीटर अंतर हवं. तुमचं मोजा, आणि शेजाऱ्याच्या खड्ड्यापासून तुमच्या विहिरीचंही मोजा. आंघोळीचं पाणी वेगळं काढून माडा-केळींना द्या, टाकीवरचा भार तिथेच बराच कमी होईल. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसा. नुसती तुंबल्यावर नाही.

आणि उपसल्यावर तो टँकर कुठे रिकामा होतो, हे ग्रामसभेत विचारा. मालवण परिसरात भुयारी गटार पूर्ण होईपर्यंत मैल्यावर प्रक्रिया करणारं लहान केंद्र हे तुमच्या तालुक्याचं पहिलं पर्यटन-काम आहे असं माझं मत आहे, दीपगृहावरच्या रोषणाईच्या आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या सेल्फी-पॉइंटच्या कितीतरी आधी. त्याला जागा अर्धा-एक एकर पुरते, तंत्र साधं असतं, वाळवणीचे वाफे आणि झाडांच्या मुळांतून गाळलेलं पाणी. साळगावसारखंच ते एका गावाचं न ठेवता दहा-बारा गावांचं करायला हवं, नाहीतर टँकर कमी पडतात आणि केंद्र बंद पडतं. सिंधुदुर्ग 1997 पासून पर्यटन जिल्हा आहे आणि 2025 मध्ये सिंधुदुर्ग किल्ला जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यामुळे निधी मागायला निमित्त चांगलं आहे. ठराव करताना बांधकामाच्या खर्चाखाली पाच वर्षं चालवण्याचा खर्च वेगळा लिहून घ्या, आणि तारकर्ली, देवबाग, वायरी इथल्या एकूण खोल्यांची मोजणी जोडा, लोकसंख्येची नव्हे. लोकसंख्येवर मागितलंत तर तुम्हाला चतुर्थीआधीच्या गावाएवढं केंद्र मिळेल. खोल्यांची यादी तयार झाली की कळवा, क्षमतेचा हिशेब मी करून देतो.